निळ्याकडे झुकलेली पलटण

आपला लाल हा लाल नाहीच, हे त्याला कळलं तेव्हा त्याच्या एका पायात अजून चप्पल होती. तो आणि बायको नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. उजव्या डोळ्यावरची पट्टी सकाळी निघाली होती. टॅक्सीत बायकोनं बजावून घालायला लावलेला काळा चष्मा त्यानं दारात उतरवला आणि सवयीनं समोरच्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं. कपाटात त्याची फौज उभी होती. कंपनी सरकारच्या देशी पलटणी. एकेक धातूचा शिपाई अंगठ्याच्या पेराएवढा, खांद्याला टेकवून समोर रोखलेली बंदूक, छातीवर फुली मारल्यासारखे दोन पांढरे पट्टे, आणि अंगात लाल डगला. निदान परवापर्यंत तरी तो लाल होता. आता खालच्या फळीवरची सगळी पलटण वांग्याची सालं पांघरून उभी राहिल्यासारखी दिसत होती. पट्टे नीळ जास्त झालेल्या कपड्यांसारखे. आणि चेहरे, देवा रे, चेहरे तर पाण्यातून काढलेल्या माणसांचे. तो दाराची चौकट धरून तसाच उभा राहिला. मग काहीतरी सुचून त्यानं उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं पाहिलं. फौज लाल. डावा मिटला, उजवा उघडला. फौज जांभळी. पुन्हा डावा. लाल. पुन्हा उजवा. आपण दारात उभे राहून स्वतःच्याच कपाटाला डोळे मारतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि छातीतून काहीतरी भसकन वर आलं. रडू येतंय असं त्याला वाटलं होतं. पण निघालं ते हसू.

"काय झालं?" बायको आतून म्हणाली. ती थेंबांच्या बाटल्या ओट्यावर ओळीनं लावत होती. "एवढं हसायला काय झालं? डोळ्यावर ताण येतो."

"तुझा स्वेटर निळा आहे," तो म्हणाला.

"निळाच आहे."

"मी हिरवा म्हणत होतो."

"म्हणत होता खरे." तिनं बाटलीचं बूच घट्ट केलं. "आधी ती दुसरी चप्पल काढा."

त्यानं चप्पल काढली नाही. तो तसाच कपाटापाशी गेला, कारण त्याला आता आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती दिसल्यावर पायात चप्पल असल्याचंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वरच्या फळीवरचे शिपाई ठीक होते. अगदी पहिले, हात बसलेला नसतानाचे, डोळ्यांच्या जागी नुसते टिपके दिलेले. पण त्यांचा लाल हा चोख लाल होता, ताज्या शाईसारखा. त्याखालच्या फळीवर त्यात कणभर काळोख मिसळला होता. त्याखाली आणखी थोडा. फळी उतरत जावी तसा हात सफाईदार होत गेला होता, गुंड्या सुबक झाल्या होत्या, मिशांना पीळ आला होता, आणि रंग मात्र इंचाइंचानं निळ्याकडे सरकत सरकत शेवटी पार बुडाला होता. त्याचा मोतीबिंदू किती वर्षं, कसकसा पिकत गेला, ते डॉक्टरीणबाईंच्या यंत्रालाही इतकं नीट सांगता आलं नसतं. ते इथं चार फळ्यांवर मांडून ठेवलेलं होतं, त्यानं स्वतःच्या हातानं, रोज सकाळच्या उजेडात बसून, मोठ्या अभिमानानं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं होतं, जग पिवळसर तपकिरी होत गेलं होतं, आणि आठवणीतला लाल काही केल्या सापडेना म्हणून तो प्रत्येक वेळी थोडं निळं वाढवत गेला होता. पिवळ्याला निळ्यानं तोडायचं. बरोबरच होतं की! हिशेब अगदी बरोबर होता, फक्त पिवळं बाटलीत नव्हतं, डोळ्यात होतं. या विचारानं त्याला पुन्हा हसू फुटलं, आणि पाठोपाठ अंगावर सर्रकन काटा आला.

कारण हा माणूस जन्मभर रंग जुळवत आला होता. रंगाच्या कारखान्यात त्याचं कामच ते: गिऱ्हाईक एखादी फरशी, पडद्याचा तुकडा, गाडीचं दार पाठवणार, आणि डब्यातला रंग कोऱ्या फरशीवर लावून तो हुबेहूब तसाच उतरला की नाही हे तो उत्तरेच्या खिडकीपाशी उभा राहून ठरवणार. रंगाच्या छटेला तिथं सगळे शेड म्हणत, म्हणून त्याला शेडसाहेब. नव्यानं आलेल्यांना वाटायचं हा बाहेरच्या पत्र्याच्या शेडवर देखरेख करणारा कुणी असेल, आणि ते त्याच्याकडे गळक्या छपराची तक्रार घेऊन यायचे. तोही गंभीरपणे ऐकून घ्यायचा. रंग मोजायची यंत्रं आली तेव्हा त्यानं त्यांना विरोध केला नाही, पण यंत्रानं आकडा दिला की तो फरशी खिडकीशी नेई, मान तिरकी करी आणि म्हणे, "यंत्राला सांगा, जरा ऊन खाऊन ये." हे वाक्य कारखान्यात चालायचं. लोक ते त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचे. आणि आता, कपाटासमोर एक चप्पल घालून उभं असताना, त्याला त्या खिडकीजवळची शेवटची दोन वर्षं आठवली. त्याची असिस्टंट, आता त्याच्याच खुर्चीत बसते ती मुलगी, त्यानं पसंत केलेली प्रत्येक फरशी लगेच उचलून न्यायची. "ठेवून देते सर." कुठं ठेवून द्यायची? तेव्हा कधी विचारलं नाही. मुलगी टापटिपीची आहे असं वाटायचं.

त्यानं जेवण होईपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग तिला फोन लावला. डोळा कसा आहे, ताईंना त्रास तर देत नाही ना, असं सगळं ती विचारत होती. त्यानं मध्येच तोडलं.

"एक विचारतो, खरं सांग. माझ्या फरशा तू पुन्हा तपासायचीस का?"

पलीकडे मिक्सरसारखं काहीतरी घरघरत होतं ते बंद झालं. "सर, आता कशाला ते."

"म्हणजे तपासायचीस."

"शेवटी शेवटी. यंत्रावर लावून बघायचे."

"कोणाला माहीत होतं?"

"मला. आणि रंग घोटणाऱ्या दादांना. त्यांना सांगावंच लागायचं ना, डब्यात बदल करायचा तर."

"किती चुकायचो?"

"सर, तुम्ही नेहमी निळ्याकडे जायचात. दर वेळी. आणि तेवढंच जायचात, ना कमी ना जास्त. त्यामुळे फार सोपं होतं. तुम्ही सांगाल त्यातून तेवढं निळं काढलं की आकडा यंत्राला तंतोतंत जुळायचा. दादा म्हणायचे, साहेब चुकतात पण साहेबांची चूकसुद्धा मापात असते."

बायको स्वयंपाकघराच्या दारात टॉवेलनं हात पुसत उभी होती. नवरा आता कोसळणार, निदान चिडणार, अशा तयारीनं ती उभी होती हे त्याला त्या नव्या डोळ्यानं लख्ख दिसलं. पण कोसळायचं सोडून तो फोनवर ओरडला, "मापात! अगं, मापात म्हणजे काय माहितीय का? म्हणजे डोळा फिरला पण हात फिरला नाही!" पलीकडची मुलगी हसायला लागली, मग बहुधा डोळे पुसायला लागली, कारण नंतर ती बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मात्र खोली एकदम मोठी वाटायला लागली. खुर्चीचे हात, टेबलाची कड, पडद्याच्या चुण्या, सगळं जणू नुकतंच कुणी आणून ठेवल्यासारखं. त्याला वाटलं, लोकांनी आपल्याला केवढ्या अलगद धरून ठेवलं होतं. आणि आपण समजत होतो की आपण आपले चालतोय.

"तुलाही दिसत होतं," तो बायकोला म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"दिसत होतं."

"मग?"

ती खुर्ची ओढून समोर बसली. बायको श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करायची. लोकांच्या कानात नळी घालून, आवाज कमी-जास्त करून, शेवटी त्यांना समोर बसवून सांगायचं काम तिचंच. "मी रोज माणसांना सांगते की तुम्हाला ऐकू कमी येतं," ती म्हणाली. "त्यांचे चेहरे मला पाठ आहेत. आधी हसतात. मग म्हणतात, लोकच हल्ली पुटपुटतात. तुम्हाला मी एकदा म्हटलं होतं की हे डगले जांभळे दिसतात. तुम्ही म्हणालात, खिडकीतला बल्ब बदल. तो मी बदलला. मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं ना." तिनं त्याच्या गालावर उतरलेला थेंब टॉवेलच्या टोकानं टिपला. "शिवाय तुम्ही त्या टेबलाशी बसलात की इतके खूश असायचात. कोण बोलेल?"

आता अडचण अशी होती की रविवार तोंडावर आला होता. रविवारी वाचनालयाच्या मोठ्या दालनात त्यांच्या मंडळाचा वॉरगेमचा, म्हणजे टेबलावर फासे टाकून खेळायच्या लढाईचा, जंगी सामना होता, आणि टेबलाच्या पलीकडे असणार होता भूगोल. भूगोल म्हणजे शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, त्याची बायकोसुद्धा नाही. नद्या, टेकड्या, बाभळीची बनं, कोसळलेले बुरूज हे सगळं तो थर्माकोल आणि भुशापासून असं काही बनवायचा की टेबलाकडे पाहताना पायाला खडे टोचल्यासारखं वाटावं. लढाई खरी कुठलीच नव्हती. एक नदी, एक किल्ला, एका राजाची फौज आणि तिच्यावर चालून आलेली कंपनी, एवढं भूगोलनंच रचलं होतं. राजाची फौज त्यानं रंगवली होती: हिरव्या, पिवळ्या, डाळिंबी अंगरख्यांची, सगळी मोकळीढाकळी. कंपनीची फौज याच्या वाट्याला आली होती, कारण एकसारखा रंग शंभर वेळा एकसारखाच उतरवायचा ही शिक्षा ज्याला बक्षीस वाटेल असा माणूस त्यांच्या मंडळात हा एकटाच. कितीतरी वर्षं दोघं आपापल्या घरी या सामन्याची तयारी करत होते. आणि आता ही जांभळी पलटण घेऊन जायचं? लोक बघणार. भूगोलही बघणार, पण भूगोल तर इतकी वर्षं बघतच होता! म्हणजे त्यालाही ठाऊक. या विचारानं त्याचे कान तापले, आणि लगोलग मनात आलं की सबंध पलटण पुन्हा रंगवायला वेळ नाही, पण चेहरे? नुसते चेहरे? आघाडीच्या एका पलटणीचे चेहरे आपण रंगवू शकू. पाण्यातून काढलेल्या माणसांना घेऊन लढाईला जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो टेबलाशी बसला. नव्या डोळ्याला लांबचं दिसे, जवळचं नाही, म्हणून दिव्याला जोडलेलं भिंग समोर ओढून घेतलं. भिंगाखाली पहिला शिपाई धरला आणि ब्रश हवेतच थांबला. कुठला रंग द्यायचा? बाटल्यांच्या खोक्यात एका बाटलीवर छापलं होतं, अंगाचा रंग. आतला रंग गुलाबी. ती बाटली तो फक्त गोऱ्या कॅप्टनसाठी वापरायचा. कंपनीच्या देशी शिपायांसाठी दुसरी एक तपकिरी होती, आणि त्या एका तपकिरीत त्यानं आजवर सगळ्यांना बुचकळून काढलं होतं. इतकी वर्षं रंग जुळवूनही कधी मनात आलं नव्हतं की एका पलटणीतली सगळी माणसं एका बाटलीतून कशी निघतील. लहानपणी त्याच्याकडे प्लास्टिकच्या सैनिकांचा एक डबा होता, सगळे गुलाबी तोंडाचे. एका दुपारी त्यानं बापाच्या बुटाचं पॉलिश चिंधीवर घेऊन सगळ्यांची तोंडं घासली. मोठी बहीण दारातून पाहून किंचाळली होती, "अय्या, तुझ्यासारखे केलेस!" त्याला तेव्हा कळलं नव्हतं की ती चिडवते आहे की कौतुक करते आहे. त्यानं एक सैनिक हाताजवळ धरून पाहिला होता आणि त्याला आठवतंय, रंग जुळत नव्हता. पॉलिश फार काळं होतं. आपण तेव्हाच पॉलिशमध्ये बोट घालून, थुंकी लावून ते पातळ करत बसलो होतो, दुपार सरेपर्यंत. म्हणजे शेडसाहेब तेव्हापासूनचाच.

"जरा इकडे ये," त्यानं बायकोला हाक मारली. "खिडकीशी बस."

"मला कामाला जायचंय."

"पाचच मिनिटं. चेहरा उजेडाकडे कर."

ती बसली. त्यानं भिंग बाजूला सारलं आणि उजव्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्याकडे त्यानं असं कधी पाहिलं असेल तर लग्न ठरताना, आणि तेव्हाही चोरून. कपाळ गव्हाळ. त्यात किंचित लाली, पण ती गालांत नाही, कानांच्या पाळ्यांत. डोळ्यांखाली करडं नाही तर चक्क जांभूळ, खरंखुरं, त्याच्या डोळ्यातलं नव्हे. ओठांच्या कडेला मातीसारखी एक छटा, आणि हनुवटीखाली, जिथं ऊन पोहोचत नाही तिथं, मधासारखं काहीतरी. त्याच्या हातातली काडी बशीत पिवळं, तांबडं, कणभर हिरवं फिरवत होती, आणि तो मनातल्या मनात चक्क पुटपुटत होता, निळं नको, निळं नको. बशीतला रंग त्यानं तिच्या मनगटावर लावला. लागला आणि दिसेनासा झाला. रंग होता कुठं ते शोधायला तिला मनगट तिरकं करावं लागलं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "गेलाच की."

"जुळला!" तो म्हणाला आणि खुर्चीतून अर्धा उठला. "जुळला! यंत्राला सांग, ऊन खाऊन ये!"

"हळू! डोळा!" पण तीही हसत होती. "आणि हा रंग लावणार कुणाला?"

"या पलटणीच्या नाईकाला." त्यानं शिपाई दाखवला.

"मला मिशा?"

"तुझा फक्त रंग घेतलाय, मिशा त्याच्या त्याला होत्याच."

मग त्याला धीर राहिना. तो माणसं बघायला बाहेर पडला. काळ्या चष्म्याच्या कडेवरून, डोकं मागे टाकून, रस्त्यानं चालला. बसथांब्यावर उभा असलेला टपालवाला: उन्हानं तापलेली वीट, पण नाकाच्या शेंड्याशी तांबं. किल्ल्या बनवणारा: ओल्या स्लेटसारखा, आणि हसला की गालावर निखाऱ्यावरचा ऊद चमकावा तसं. बँकेच्या दारातली रखवालदारीण: आल्याच्या चहाचा रंग, साय धरायच्या आधीचा. रस्ताभर माणसं चालली होती आणि एकाचा रंग दुसऱ्याला नव्हता. मग या सगळ्यांना एका बाटलीत आपण कसं कोंबलं? एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. थांबून त्यानं डावा डोळा मिटला. समोर एक उजळ, लालसर, जरा दमलेला म्हातारा उभा होता, आणि रोज आरशात दाढी करताना दिसणारा तो मातकट, पिवळा माणूस कुठं गेला होता कोण जाणे. उजवा मिटला तर पिवळा परत आला. पुढल्या महिन्यात डावा डोळाही होणार. मग हा पिवळा माणूस कायमचा जाणार, आणि त्याच्याबरोबर त्यानं पाहिलेलं सगळंच. आईचं शेवटचं आजारपण त्यानं याच पिवळ्यातून पाहिलं होतं. आईचा चेहरा त्याला आठवतो तो जुन्या कागदाच्या रंगाचा. तो तसा खरंच होता की नव्हता? आता कुणाला विचारणार? ही टोचणी घेऊन तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग समोरून लाल टोपी घातलेली एक बाई सायकलवरून गेली आणि तो लाल इतका लाल होता की त्याच्या तोंडून "वा!" निघून गेलं. बाईनं मागे वळून पाहिलं. तो घाईघाईनं घरी आला आणि रंग सुकायच्या आत बशीत माणसं उतरवायला बसला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत आघाडीची पलटण झाली. डगले जांभळेच राहिले, पट्टे निळसरच. पण टोपीखालून बाहेर पाहणारी तोंडं आता प्रत्येकाची ज्याची त्याची होती.

रविवारी दालनात गर्दी चांगली जमली होती. बायको पहिल्यांदाच आली होती. आजवर तिनं या खेळाला "तुमचं ते टेबल" याहून वेगळं नाव दिलेलं नव्हतं. आज थेंब वेळेवर घालायला म्हणून आली आणि खुर्ची अगदी पुढे ओढून बसली. भूगोल टेबलाच्या पलीकडून वाकून पलटणीकडे पाहत होता. पाहता पाहता त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"ही कधी केलीस?" तो म्हणाला.

"या आठवड्यात."

"ही माणसं आहेत रे," भूगोल म्हणाला. मग आवाज उतरवून, "आणि डगल्याचं… तुला कळलं तर."

"कळलं. तूही गप्पच बसलास."

"मी म्हटलं, जांभळी तर जांभळी. मला काय, मारायच्याच आहेत." तो त्याचं ते दालन हादरवणारं हसू हसला आणि लढाई सुरू झाली.

आणि काय लढाई झाली! त्याला वाटलं होतं डोळा सांभाळून बेतानं खेळावं, पण पहिला फासा पडला आणि बेत गेला उडत. कंपनी नदीपाशी आली, तोफा ओढून चढावर नेल्या, राजाचे पिवळे घोडेस्वार बनातून सुटले, त्याच्या डाव्या बगलेची दाणादाण उडाली. टेबलावरचं गवत हिरवं होतं! इतकं हिरवं गवत भूगोल इतकी वर्षं पेरत होता आणि आपण त्याला वाळलेलं समजून नावं ठेवत होतो! तो फासे खुळखुळवत होता, ओरडत होता, एका हातानं काळा चष्मा सावरत होता. आघाडीची पलटण त्यानं नदीपार नेली आणि किल्ल्यासमोर ओळीनं उभी केली. त्याच्या बाजूनं त्याला दिसत होत्या त्यांच्या पाठी, पाठीवरच्या पिशव्या आणि टोप्यांच्या मागच्या कडा. तेवढ्यात बुरुजावरून भूगोलच्या तोफेनं नेम धरला आणि पलटणीपुढचा गोरा कॅप्टन पडला. भूगोलनं त्याला दोन बोटांनी उचलून टेबलाच्या कडेला आडवं ठेवलं.

"आता फासे टाक," तो म्हणाला. "पलटणीचा साहेब पडलाय. टिकते का पळते ते बघू."

त्यानं फासे मुठीत घेतले. मागून बायकोनं त्याच्या कोपराला हात लावला. "अहो, एक विचारू? यातले आपले कोण?"

"हे लाल. म्हणजे जांभळे."

"ते तुमचे. आणि पलीकडचे यांचे. ते कळलं मला." तिनं टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "पण दोन्हीकडे आपल्यासारखीच तोंडं दिसतात, म्हणून विचारते. आपले कोण?"

भोवतालची दोनचार माणसं हसली. भूगोल हसला नाही. मुठीत फासे गरम झाले होते. इतक्या वर्षांत हे शिपाई त्यानं हातात धरले, घासले, रंगवले, फळीवर चढवले. ते कुणाचे आहेत हा प्रश्न डगल्यानं आधीच सोडवून टाकला होता. त्यानं मूठ उघडली. फासे टेबलावर घरंगळत गेले, एक नदीत थांबला, एक काठावर. दोन्हींवर सहा.

भूगोलनं नियमांचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "हे मी उगाच गंमत म्हणून घातलं होतं," तो म्हणाला. "हे कधी पडेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही सहा, आणि साहेब नसेल, तर पलटण बाजू बदलते."

"म्हणजे?" बायको म्हणाली.

"म्हणजे ती आता माझ्याकडे येणार."

कुणीतरी चुकचुकलं. त्याची सर्वांत चांगली पलटण, आघाडीची, आठवडाभर डोळ्यांत तेल घालून घडवलेली, आणि ती गेली की लढाईच गेली, हे सगळ्यांनाच दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. आणि तरी शाळा अचानक सुटल्यावर होतो तसला आनंद त्याला झाला होता. तो टेबलावर ओणवा होऊन पलटण उचलायला गेला तशी बायकोनं त्याला खांद्याला धरून मागे ओढलं.

"वाकायचं नाही. मी ठेवते."

तिनं या शिपायांना आजवर कधी हात लावला नव्हता. घरी कपाट पुसतानाही ती काच पुसायची, आतल्यांना नाही. आता ती वळसा घालून टेबलाच्या पलीकडे गेली, हात लांब केला आणि एकेकाला कमरेत धरून उचलू लागली. भूगोलनं बुरुजाखाली जागा करून दिली. पहिला शिपाई तिनं ठेवला तो चुकून पाठमोरा. "वळवा त्याला," भूगोल म्हणाला, "तोंड तिकडे." तिनं तो वळवला. मग दुसरा. तिसरा. टेबलाच्या अलीकडे हा हात मागे बांधून सरळ उभा होता, मान ताठ, आणि समोर एकेक करून ते त्याच्याकडे वळत होते. कितीतरी वर्षं तो आपल्या पलटणीच्या मागे उभा राहून खेळत आला होता. लढाई सुरू झाली की त्याला दिसायच्या त्या पाठी. तोंडं दिसायची ती समोरच्याला. वीट, तांबं, ओली स्लेट, आल्याचा चहा. कुणाची भुवई जरा उचललेली, कुणाचा ओठ घट्ट. त्यानं काळा चष्मा काढून खिशात टाकला. शेवटचा शिपाई वळला आणि ओळ पुरी झाली. सगळ्या बंदुका त्याच्यावर रोखलेल्या होत्या, आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"थांबायचं का?" भूगोलनं विचारलं. "तुझ्याकडे आता उरलंय काय?"

"थांबतोस काय!" तो म्हणाला. त्यानं नदीतला फासा उचलला, काठावरचा उचलला आणि दोन्ही टेबलावरून पलीकडे बायकोच्या हातात सरकवले. "आता पाळी त्यांची आहे. त्यांच्यासाठी टाक."